लाल वाटेवरची पांढरी व्हॅन

तांबड्या मातीच्या मुलखात, मोठी बाजारपेठ असलेल्या एका गावात गुरुनाथ परब नावाचा कारागीर राहत होता. त्याचे काम मोटारी साफ करण्याचे. पाणी मारून फडका फिरवणारे पुष्कळ असतात. गुरुनाथ त्यांतला नव्हता. सीटच्या शिवणीत बसलेली धूळ, दाराच्या बिजागरीतले जुने ग्रीस, एसीच्या जाळीतला कचरा, सारे तो हलक्या हाताने ब्रशने काढी. त्याच्या हाताखालून गेलेली गाडी मालकालाही चटकन ओळखू येत नसे.

तो तात्या कोरगावकरांच्या गॅरेजात नोकरीला होता. लोक तिथे गाडी आणून सोडत आणि बाकावर बसून दिवसभर जांभया देत. ते बघून गुरुनाथच्या मनात आले, गाडी आपल्याकडे यायची कशाला? आपणच गाडीकडे गेलो तर?

त्याने एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. आत पाण्याची टाकी, पंप, व्हॅक्यूम आणि पॉलिशचे डबे नीट बसवून घेतले. बाहेर ठळक अक्षरांत रंगवले, 'गाडीची सफाई, तुमच्या दारात.'

तात्या मनाने मोठे. ते म्हणाले, "जा, करून बघ. शिमग्यापर्यंत तुझी जागा धरून ठेवतो. नाही जमलं तर लाजू नकोस, सरळ परत ये."

गुरुनाथला मात्र परत जायचे नव्हते. आपला धंदा उभा राहिलाच पाहिजे, या एका विचाराने तो झोपे आणि त्याच विचाराने उठे. उठला की आधी व्हॅन धुई, पुसी, तिला पॉलिश लावी. ऊन वर येईपर्यंत ती अशी चमके की समोरून जाणारा माणूस काचेत बघून भांग नीट करी.

"आपली गाडी हीच आपली पाटी," तो बायकोला, सुलभाला, सांगे. "तीच मळकी दिसली तर आपल्याला कोण बोलावील?"

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असेही नाही. सुरुवातीला लोक थांबून व्हॅन बघत आणि फोन नंबर लिहून घेत. पण बाजारपेठेतले रस्ते डांबरी. तिथल्या गाड्या मळणार त्या किती? रविवारी एक बादली पाणी घेतले की ज्याचे त्याला भागे.

खऱ्या मळलेल्या गाड्या होत्या त्या चिरेखाणींच्या बाजूला. तिथे जांभ्या दगडाचे चिरे भरून डंपर रात्रंदिवस ये-जा करत. त्या वाटेवर झाडांची पानेसुद्धा लाल दिसत. तिथून गुरुनाथला फोन येऊ लागले. तो उठून खिडकीशी जाई, बाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्याशुभ्र व्हॅनकडे बघे आणि म्हणे, "तेवढी डांबरी रस्त्यापर्यंत गाडी आणता का? पुढचं सगळं मी बघतो."

"मग सरळ तुझ्या दारातच का आणू नये?" असे म्हणून माणसे फोन ठेवून देत.

सुलभा हे ऐकत असे. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, व्हॅनवर अजून एक ओळ लिहून घ्या. 'दार डांबरावर असेल तरच.'"

गुरुनाथ रागाने फडका उचलून बाहेर गेला आणि पुन्हा व्हॅन पुसू लागला.

दिवस जात राहिले. व्हॅन चमकत राहिली आणि काम आटत गेले. एकदा तात्या स्कूटरवरून जाताना थांबले. गुरुनाथ व्हॅनच्या चाकातली खडी काडीने काढत होता. तात्या म्हणाले, "काय रे गुरू, ही गाडी कामाला घेतलीस की पुजायला?" चहाच्या टपरीवरचे लोक हसले. शिमगा तोंडावर आला होता. देवळाच्या आवारात ढोल तापवायला सुरुवात झाली होती. तो आवाज कानावर आला की गुरुनाथ तात्यांनी दिलेल्या मुदतीचे दिवस मोजू लागे.

अशात चंद्रभागा गावडेचा फोन आला. ही बाई चिरेखाणीच्या थांब्यावरून बाजारापर्यंत प्रवासी जीप चालवी. तिचा आवाज डंपरच्या भोंग्याला भारी पडणारा.

"परबांनू, काल मासळीच्या टोपल्या नेल्या. पाणी सगळं सीटखाली मुरलंय. उद्या लग्नाची माणसं न्यायची आहेत. दुपारी जीप थांब्यावर उभी असते, तेवढ्यात येऊन करा."

"तुम्ही बाजारात येताच ना? इथेच करू या."

"बाजारात मी माणसं उतरवते आणि भरते. तिथे गाडी धूत बसले तर माझी माणसं काय तुमच्या व्हॅनमधून नेऊ? ती बघितलीय मी. तोंड दिसतं तिच्यात. माझी जीप धुवायला पाणी उरतं का, तेवढं सांगा."

गुरुनाथने खिडकीतून व्हॅनकडे बघितले. सुलभा समोर भाजी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. बाहेर ढोल वाजत होता.

"येतो," गुरुनाथ म्हणाला.

पण मनात त्याने एक सोय करून ठेवली होती. टाकीतल्या पाण्यात दोन गाड्या सहज होत. एक जीप धुवायची, आणि उरलेल्या पाण्याने परतताना ओढ्याच्या पुलाजवळ आपली व्हॅन धुऊन घ्यायची. बाजारात शिरताना ती पुन्हा पांढरी असली म्हणजे झाले. कोणाला कळणारसुद्धा नाही.

डांबर संपले आणि लाल वाट सुरू झाली. पहिलाच डंपर धुरळा उडवत शेजारून गेला, तेव्हा गुरुनाथने डोळे मिटून घ्यायचे तेवढे बाकी ठेवले. दुसरा गेला. तिसऱ्यानंतर त्याने आरशातून व्हॅनच्या रंगाकडे बघणेच सोडले. थांब्यावर पोचला तेव्हा व्हॅनवरची अक्षरेसुद्धा धड दिसत नव्हती. झाडाखाली जेवायला बसलेले ड्रायव्हर ओरडले, "अरे, हा तर आपल्यातलाच निघाला!"

गुरुनाथ कामाला लागला. सीट काढल्या, तळाची चटई बाहेर ओढली, फेस करून घासली, व्हॅक्यूमने पाणी ओढून घेतले. जीपखालून लाल ओघळ वाहू लागले. हात चालू झाले तसा तो व्हॅनला विसरला. जीप तयार झाली. चंद्रभागा आत चढून बसली, तिने खोल श्वास घेतला आणि तोंड वाकडे केले.

"वास येतोय अजून?" गुरुनाथने घाबरून विचारले.

"कुठला यायला! आता उद्या वास आला तर लग्नाची माणसं माझ्याचकडे बघतील."

सगळे हसले. गुरुनाथ पाइप गुंडाळू लागला, तोच एक माणूस पुढे आला. तो इनास, खाणीवरच्या वस्तीत टेम्पोतून पाव आणून विकणारा. टेम्पोला मागून कापडी पडदा होता आणि पडदा लाल झाला होता.

"गुरूभाऊ, माझा पण करता? पाव लाल दिसतात म्हणून लोक घेत नाहीत हल्ली. शिळेसुद्धा नाहीत ते, नुसती धूळ."

गुरुनाथने टाकीकडे बघितले. एकाच गाडीपुरते पाणी होते. 'पाणी संपलं' हे शब्द त्याच्या ओठावर आले. दोन शब्दांचे काम होते. पुलाजवळ व्हॅन धुवायची, पांढरी करायची, आणि ऐटीत बाजारात शिरायचे. इनासला खरे-खोटे कळले नसते.

पण इनास उत्तराची वाट बघत उभा होता, आणि पावांच्या टोपलीवर त्याने स्वतःचा स्वच्छ टॉवेल पसरला होता. ते बघून गुरुनाथने गुंडाळलेला पाइप पुन्हा सोडला.

"आणा इकडे. आधी पडदा काढा."

टाकीतला शेवटचा थेंब टेम्पोवर गेला. ओढ्याचा पूल आला तेव्हा गुरुनाथ तिथे थांबला नाही.

बाजारात शिरल्या शिरल्या त्याने व्हॅन तात्यांच्या गॅरेजासमोर उभी केली. तात्या बाहेर आले, व्हॅनभोवती एक फेरी मारून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "हे काय रे ध्यान! कुठे लोळवून आणलीस?"

"चिरेखाणीवर. तात्या, माझी जागा दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाका. शिमग्याची वाट बघू नका."

तात्यांनी त्याच्याकडे नीट बघितले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. हाताला लाल रंग लागला, तो त्यांनी धोतराला पुसला.

गॅरेजाबाहेर एक बाई रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या. पलीकडच्या डोंगरावर त्यांचा काजूचा कारखाना होता. त्या पुढे येऊन व्हॅनच्या दाराशी थांबल्या. "तुम्ही खाणीपर्यंत जाता? मग आमच्याकडेही याल का? आमच्या तीन गाड्या आहेत. पण आधीच सांगते, वाट फार वाईट आहे हो."

गुरुनाथने व्हॅनमध्ये चढून इंजिन सुरू केले.

"वाट कशी आहे ते राहू द्या, बाई. दार कुठे आहे ते सांगा."

तात्पर्य: साधन कामासाठी असते, ते कामात मळू द्यावे, जो काम टाळून साधनच जपत बसतो, त्याच्याजवळ शेवटी साधन लखलखीत राहते आणि काम दुसऱ्याकडे निघून जाते.