भुरकीचं नवं तळं

माणसं या माळावर यायच्या कितीतरी आधी इथलं तळं आटलं आणि रानम्हशींचा कळप डोंगरापलीकडच्या तळ्याकडे निघाला. म्हातारी भुरकी मात्र हलेना.

"मला धड दिसत नाही. अनोळखी पाण्यात पाय कुठे टाकू?" ती म्हणाली.

तिची मैत्रीण सरोळी पाणमांजर पुढे गेली. नव्या काठावर तिनं जुन्यासारखीच उजवीकडे लव्हाळी लावली, डावीकडे कमळं लावली आणि मधे उतरायची वाट ठेवली. मग ती भुरकीला घेऊन आली.

लव्हाळ्यांचा वास येताच भुरकीचे डोळे भरून आले. "अगं, हे तर आपलंच तळं!"

बाकीच्या म्हशी दर पावलाला तळ चाचपत होत्या. भुरकी सवयीनं सरळ मधल्या वाटेनं उतरली. जुन्या तळ्यात तिथे घट्ट मुरूम होता, इथे गाळ होता. ती पोटापर्यंत रुतली. कळपानं दोन दिवस खटपट केली, पण ती निघाली नाही.

"मी पोहणारी गं, माझे पाय तळाला लागतच नाहीत," सरोळी रडत म्हणाली. "मी नुसता काठ सजवला."

"परकं वाटलं असतं, तर मी कुणाला तरी विचारलं असतं," भुरकी हळूच म्हणाली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

सरोळीनं सगळी लव्हाळी उपटून टाकली. पुढे दुसऱ्या कळपातली एक थकलेली म्हैस तिथे आली आणि तिनं विचारलं, "वाट हीच ना?"

"हे तळं तुला ठाऊक नाही," सरोळी म्हणाली. "थांब. आधी तळ कुठे घट्ट आहे ते कळपाला विचारू."