वस्तऱ्यापुढची मान

चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरल्याचा सपसप आवाज अजून माझ्या कानांत आहे. दादाच्या खटल्याची ती सकाळ होती.

"दादा, आज तरी वस्तरा हातात धरू नकोस रे," मी म्हणालो.

"आबासाहेबांनी बोलावलंय. कोर्टात नीटनेटकं जायचंय त्यांना," म्हणत दादा हजामतीच्या सामानाची धोपटी घेऊन गेला. गावात दाढी करणारा तो एकटाच.

आबासाहेब आमचे सभापती. दादाच्या टपरीची जागा त्यांना हवी होती. दादा हटेना, तेव्हा त्याने वस्तरा दाखवून गळा चिरायची धमकी दिली, अशी खोटी फिर्याद त्यांनी ठोकली. दादा तुरुंगात गेला असता तर टपरी गेलीच असती, आणि वहिनीला सातवा महिना होता.

कोर्टात आबासाहेब साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले, "साहेब, त्या दिवसापासून याची सावली दिसली तरी मला कापरं भरतं."

"तुला काही विचारायचंय?" न्यायाधीश दादाला म्हणाले.

दादाने हात जोडले. "एकच. आबासाहेब, आज सकाळी तुमची दाढी कोणी केली?"

आबासाहेबांचा हात गुळगुळीत गळ्याकडे गेला. इतक्या वर्षांच्या सवयीत त्यांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"यानंच," ते पुटपुटले.

"सावलीला भिता, आणि वस्तऱ्यापुढे मान वर करून बसता?" न्यायाधीशांनी विचारलं.

दादा सुटला. बाहेर येताच तो नेहमीच्या अदबीने म्हणाला, "आबासाहेब, परवा येऊ ना दाढीला?"