स्ताना म्हणजे थांब

"पण माई, माझं हे नाव बदलणार कधी?"

माई माक्रिना अंगणात आलुबुखार निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, या नावानं तुझं काय घोडं मारलंय?

सर्बियातल्या डोंगरातला तो जोगिणींचा मठ. तिथं व्रत घेणारी बाई जुनं नाव सोडते आणि माई तिला नवं देतात. स्ताना शहरातली प्राध्यापकी सोडून आलेली. हुशार, अन् जरा तोऱ्यातली. नवं नाव तिनं स्वतःच ठरवून ठेवलं होतं. स्वेतलाना. उजेडाचं नाव.

माईंनी विचारल्यावर ती भडाभडा बोलत सुटली. वडिलांना मुलगा हवा होता आणि होत गेल्या मुलीच. ही पाचवी. बातमी कळली तेव्हा ते दारातूनच म्हणाले, स्ताना. त्यांच्या भाषेत, थांब. बास झाल्या मुली. आपल्याकडे एखादीला नकुशी म्हणतात ना, तसंच. शिकली, सवरली, तरी कुणी हाक मारली की तिला वाटे, आपल्याला उंबऱ्यावरच अडवलंय.

माईंनी सगळं ऐकून घेतलं.

"नाव सोडायचं तर आधी ते आपलं असावं लागतं, पोरी. हे तुझं झालंय कधी?"

स्तानाला राग आला. इतकं मन मोकळं केलं, आणि माईंनी शब्दांत पकडावं? ती उठलीच. माईंनी तिचा हात धरून तिला पुन्हा खाली बसवलं.

"आई तुला काय म्हणायची?"

"हेच. दुसरं काय म्हणणार?"

"कशी म्हणायची?"



माईंनी आपला चिकट, जांभळा झालेला तळवा तिच्या छातीवर ठेवला. तापलेल्या लेकराचा श्वास बघावा तसा. आणि तो तिथंच राहू दिला.

स्तानाला एकदम गोवर आठवला. पडदे ओढलेली खोली, अंगाची आग, आणि छातीवर असाच एक तळवा. आई तिचं नाव घेत होती. हळू आवाजात, सारखं, श्वासागणिक. आपल्याला बोलावतेय असं वाटून स्ताना म्हणाली होती, मी इथंच आहे की. त्यावर आई रडायला लागली होती.

तिच्या आधीच्या दोघी बहिणी पाळण्यातच गेल्या होत्या. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. नावाशी त्याचा संबंध मात्र तिनं कधी लावला नव्हता.

थांब. तू तरी जाऊ नकोस.

"माई..." ती म्हणाली. आणि तिला रडू फुटलं.

माईंनी तिला पोटभर रडू दिलं.

शेवटी शिकलेल्या डोक्यानं पुन्हा उचल खाल्लीच. स्तानानं नाक पुसलं आणि विचारलं, "मग खरा अर्थ कोणता? बाबांचा, की आईचा?"

माईंनी तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"तू थांबलीस ना."