कासारणीचा साबण

सायकलची शर्यत दुसऱ्या दिवसावर आली, आणि रेवाचा नवा ट्यूबलेस टायर काही केल्या रिमवर बसेना. पंप मारावा, तर कडेनं हवा फुस्स! तिची आई चंद्रभागा, गावात बांगड्या भरणारी कासारीण, घाबऱ्या जिवानं रेवाला नि सायकलला घेऊन सायकलच्या दुकानात गेली.

"वहिनी, हवा भरायचा मोठा कॉम्प्रेसरच घ्या," दुकानदार फडतरेशेठ मिशीला पीळ देत म्हणाले. "साध्या पंपानं बसला, तर दुकानाची पाटी उतरवीन!"

चंद्रभागेनं बांगड्यांच्या पिशवीतला साबण काढून टायरच्या कडेला फेस चोळला. "मार गं, भराभर!" रेवानं पंप मारला. फटाक्कन आवाज झाला नि टायर बसला.

शेठनी मान वर करून पाटीकडे पाहिलं.

"शेठ, बांगडी चढेना म्हणून आम्ही बाईचा हात पिळत नाही, साबण लावतो. पाटी राहू द्या. उद्या पोरीसाठी टाळ्या वाजवायला तेवढे या."