आवडाकाकीची बैठक

दुसऱ्या गावांत देवाची पावलं असतात. कुठे रामाचं पाऊल, कुठे भीमाची टाच, कुठे सीतामाईने हळद वाटली तो दगड. खाडीतल्या आमच्या ह्या बेटाला, कांदळजुव्याला, देवाने पाऊल दिलं नाही. आम्हाला बूड मिळालं.

हसू नका. हसलात तरी चालेल, ते पुढे सांगतोच. हा जुवादेवीच्या पायरीखालचा काळा कातळ बघा. मधोमध दोन रुंद खळगे, एकमेकांना चिकटलेले, घासून गुळगुळीत झालेले. भटजी रोज सकाळी दोन्ही खळग्यांत एकेक जास्वंद ठेवतात आणि ठेवताना दुसरीकडे बघतात. शाळेतले मास्तर म्हणतात, लाटांनी दगड झिजला. मास्तरांनी एकदा स्वतः बसून बघितलं, त्यांच्या दोन्ही बाजूंना हात हात जागा उरली. तेव्हापासून ते लाटांचं बोलत नाहीत. ह्या कातळाला आम्ही आवडाकाकीची बैठक म्हणतो. ह्याच्यावर बसल्याशिवाय आमच्या जुव्यावर एकही होडी कोरायला घेत नाहीत.

त्याचं असं झालं म्हणे.

खूप मागे, आमच्या आजोबांच्या आजोबांनाही जो काळ ऐकूनच ठाऊक होता त्या काळी, एकदा मोठं उधाण आलं आणि समुद्र जुव्यावर चढला. ओसरला तेव्हा गावची एकुलती विहीर खारट करून गेला. चारी बाजूंनी पाणी, आणि प्यायला थेंब नाही. लोक शहाळ्यांवर दिवस काढू लागले. गोड पाणी एकाच ठिकाणी होतं, खाडीपलीकडे कांदळवनात, देवझऱ्यावर. तिथे जायला एक चिंचोळा वहाळ, म्हणजे ओढा. पूर्वी बायका ओहोटीला काठाकाठाने चालत जायच्या, पण उधाणाने ती वाटही गिळली. आता जायचं तर होडीनेच. गावात मचवे होते, पण ते समुद्रावर जाणारे. वहाळाच्या तोंडाशीच त्यांचं पोट अडकायचं.

माणसं गाठोडी बांधू लागली. तेव्हा गावचा गावकार, म्हणजे पहिला मानकरी, होता रवळोजी. अंगाने आडवा, मिशी त्याहून आडवी. त्याने देवीपुढे नवस केला: "आये, पुनवेचा चंद्र वर येवच्या आत तुझ्या पायरीर देवझऱ्याचा पाणी ओततय. नाय जमला तर गाव उठतलो. आणि गाव उठलो तर तुकाय उचलून नेतलय, एकटी ठेवचय नाय." देवीला कौल लावला. फूल उजवीकडे पडलं, म्हणजे देवीचा होकार. पडणारच. देवी म्हातारी बाई, जन्म ह्या जुव्यावर गेलेला, ती कशाला बिऱ्हाड हलवते?

देवीची राई सोडली तर जुव्यावर एकच मोठं झाड होतं, देवळामागचा आंबा. चार माणसांच्या कवेत न मावणारा बुंधा. नारळ ठेवून, पाया पडून तो पाडला. होड्या कोरणारा सुतार गुणो मेस्त हत्यारं घेऊन आला आणि त्याने विचारलं, "किती लांब करू?"

रवळोजी म्हणाला, "झाड जेवढा, तेवढी. गावकाराची होडी काय आखूड असतली?"

आम्ही दर्यावर्दी माणसं. आमच्यात लांब होडी म्हणजे मोठेपण, कारण समुद्रात लांब होडीच सरळ आणि जोरात पळते. हे खरंच आहे. म्हणून गुणो मेस्ताने वाद घातला नाही, उलट खूश होऊन होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, रवळोजीच्या मिशा कोरल्या. होडी खाडीत सोडली तर बाणासारखी सुटली. किनाऱ्यावर ढोल वाजले. रवळोजी नाळेवर उभा, त्याच्या मिशा वर आणि लाकडी मिशा खाली.

वहाळात मानमोड नावाचं एक वळण आहे. तुम्हाला आत्ता तिथूनच आणलं, वाकून बसा म्हटलं होतं तेच. त्या वळणावर लांब होडीचं तोंड ह्या काठच्या कांदळात घुसलं आणि शेपूट त्या काठच्या. पुढे जाईना, मागे येईना. ओढताहेत, ढकलताहेत, तोवर ओहोटी लागली आणि होडी चिखलात बसली. गावकार आणि त्याचे वल्हेकरी छातीएवढ्या चिखलातून घरी आले. कुर्ल्यांनी कुठे कुठे चावे घेतले ते मी बायामाणसांसमोर सांगत नाही.

आता रवळोजी उलट्या टोकाला गेला. दुधाने तोंड पोळलेला माणूस, ताक फुंकून पिणार. त्याने आंब्याची एक फांदी दिली आणि म्हणाला, "बारीक कर. काकडीसारखी." गुणो मेस्ताने काकडी कोरली. भरतीला ती चिखलात रुतलेल्या लांब होडीवरून सरकली आणि मानमोडवर माशासारखी वळली. रवळोजी एकटाच गेला, झऱ्यावर पोचला, कळशा भरल्या, निघाला. पण होडी त्याच्या मांड्यांहून अरुंद. तो तिच्यात बसलेला नव्हता, तिच्यावर ठेवलेला होता, पेल्यावर भोपळा ठेवावा तसा. वहाळाच्या तोंडाशी एक डास कानावर बसला. रवळोजीने हात उचलला. तेवढं पुरलं. कळशा, गोड पाणी, गावकार, सगळं खाडीत. किनाऱ्यावर वाट बघणाऱ्यांनी ते डोळ्यांनी बघितलं. कोणी हसलं नाही म्हणे, आणि हेच वाईट होतं. आमच्या गावात माणूस पाण्यात पडला आणि कोणी हसलं नाही, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

पूनव दुसऱ्या दिवसावर आली. झाड संपलं. उरली ती देवीची राई, तिला कोयता लावायचा नाही. लोकांनी देवीची मूर्ती बांधायला पांढरं वस्त्र काढलं.

तेव्हा आवडाकाकी उठली. रवळोजीची सख्खी काकी, जुव्यावरची सगळ्यांत जाड बाई. ती ओटीवर बसली की घरातले लोक मागच्या दाराने बाहेर पडायचे. तरुणपणी तिने देवझऱ्याचं पाणी डोक्यावरून आणलेलं. ती एक लांब बांबू घेऊन पुतण्यासमोर उभी राहिली.

"रे रवळोज्या, होडी खयसून जातली?"

"वहाळातसून."

"मग झाडाक कित्याक इचारलंस? वहाळाक इचार."

तिने माणसं मानमोडवर पाठवली. बांबू पाण्यावर आडवा धरून वळवायचा, अडकला की टोक कापायचं, परत वळवायचा. शेवटी जेवढा बांबू न अडकता वळला, तेवढी होडीची लांबी. तो बांबू घेऊन माणसं परत आली.

"आता सांग, होडीत कोण बसतलो?"

"मी. आणि वल्हेकरी."

"आणि मी. झऱ्याची वाट माका ठावक. मग खाली बस. रुंदी होयी."

आता तुम्हाला गंमत सांगतो. गावकार गावासमोर जमिनीवर बसत नसे. त्याला देवळात दगडी आसन होतं, तो त्याचा मान. आणि इथे काकी म्हणते, ओल्या वाळूत बूड टेक, मेस्त दोरी लावून मोजतो. रवळोजी लाल झाला, हिरवा झाला. म्हणाला, "काकी, लोक हसतले."

"हसांदेत," काकी म्हणाली. "पाण्यार इज्जत तरंगणा नाय रे, बूड तरंगता."

रवळोजीने एकदा देवीकडे बघितलं, एकदा त्या पांढऱ्या वस्त्राकडे. मग धोतर सावरलं आणि बसला. उठला तर वाळूत असा ठसा, की गुणो मेस्ताची दोरी पुरेना. एक पोर फिसकन हसलं. मग त्याची आई. मग सगळा किनारा. कित्येक दिवसांनी कांदळजुवा हसला. पण मेस्त दुसरी दोरी आणेपर्यंत लाट आली आणि ठसा पुसून गेली. रवळोजी परत बसला, परत लाट आली. तिसऱ्यांदा बसायला वाकला तेव्हा काकी म्हणाली, "सर बाजूक. सगळ्यात रुंद मीच." आणि पायरीखालच्या ह्या काळ्या कातळावर देवीचं नाव घेऊन जी बसली, ती उठली तेव्हा कातळाला खळगे पडले होते असं सांगतात. लाट आली आणि गेली, ठसा तसाच. मेस्ताने निवांत मोजलं.

पण एवढं रुंद लाकूड आणायचं कुठून? काकीने मानमोडकडे बोट केलं. लांब होडी अजून तिथे अडकलेली होती, आणि तिची शेपूट म्हणजे आंब्याच्या बुंध्याची बाजू, सगळ्यांत रुंद. बांबूएवढी शेपूट कापायची. गुणो मेस्ताने कुऱ्हाड उचलली आणि खाली ठेवली. गावकाराच्या नावाची होडी कोण तोडणार? तेव्हा रवळोजीने स्वतः कुऱ्हाड घेतली. पहिला घाव घालताना डोळे मिटले, पुढचे उघड्या डोळ्यांनी घातले.

कापलेलं तोंड फळ्यांनी बंद केलं, काथ्याने शिवलं, राळ लावली. आता मेस्ताला वाटलं, बाजूंना फळ्या चढवून काठ उंच करू, पाणी आत येणार नाही. काकी म्हणाली, "उंच काठ म्हणजे वाऱ्याक शीड. खाडीच्या तोंडार उलटी करशीत." तिने सगळ्यांना होडीत बसवलं, कळशांत खारं पाणीच भरून रचायला लावलं, आणि काठ पाण्याच्या वर वीतभर राहीना तेव्हा कळशा उतरवल्या. वीत उरली तिथे हात वर केला. "इतक्याच. जास्त होयी तर परत जावा."

होडी गेली. समुद्रात ती मचव्यासारखी पळाली नसती, डबक्यात ती काकडीसारखी नाचली नसती. पण मानमोडवर वळली, झऱ्यावर टेकली, आणि खाडीच्या तोंडाशी रवळोजीने मुद्दाम दोन्ही हात उचलून डास मारले तरी हलली नाही. चंद्राची कड डोंगरामागून दिसायच्या आत पायरीवर गोड पाणी पडलं. गाव उठलं नाही. देवीही उठली नाही.

लांब होडीचा पुढचा अर्धा भाग मानमोडवरच राहिला आणि त्याचा दगड झाला म्हणे. येताना डाव्या हाताला जो निमुळता खडक दिसला तो तोच. नीट बघितलंत तर मिशा दिसतात. मास्तरांना दिसत नाहीत.

आजही कांदळजुव्यावर होडी करायची तर आधी बैठकीवर बसावं लागतं आणि म्हाताऱ्या बायकांना उत्तरं द्यावी लागतात: खयसून जातली, कोण बसतलो, काय हाडतली, म्हणजे काय आणणार. मागे एक फायबरच्या होड्या विकणारा आला होता, रंगीत चित्रं घेऊन. त्यालाही बसवला. त्याच्या होडीत त्याच्या कंपनीचा साहेब मावणार नाही हे त्याने स्वतःच कबूल केलं.

आणि आजही त्या पुनवेला, आता नळ आलेत तरीही, देवझऱ्याचं पाणी होडीतूनच येतं. होडी निघाली की रवळोजीच्या घराण्यातला गावकार सगळ्या गावासमोर ह्या कातळावर बसतो. पाणी पायरीवर पडेपर्यंत त्याने उठायचं नाही, आणि तोवर गावाने त्याला हसायचं. लहानथोर, लेकीसुना, सगळ्यांनी. आत्ताचा गावकार किडकिडीत आहे, खळग्यात हरवतो, त्यामुळे हसणं कमी पडत नाही. हसणं मध्येच थांबलं तर झऱ्याचं पाणी वाटेतच खारट होतं, असं सांगतात.

अजून कधी झालेलं नाही. आम्ही थांबतच नाही.

चला आता, निघायच्या आधी एकेकाने बसून घ्या. परतीची होडी कुठली काढायची ते मला कळायला हवं. वहिनी, लाजू नका. भाऊ, तुम्ही सगळ्यात शेवटी. तुमच्यासाठी कदाचित मचवा बोलवावा लागेल.