राजांची वीत आणि हौसाची कौलं

"एक हजार कौलं हवीत! आणि दोन कौलांत केसाइतका जरी फरक दिसला, तर सगळ्या कुंभारांनी चंबूगबाळं आवरून राज्याबाहेर व्हायचं!"

राजे रणधवलांनी हुकूम सोडला आणि कुंभारवाड्यात रडारड सुरू झाली. मातीच ती! भट्टीत एक कौल जास्त आकसतं, एक कमी. म्हातारा गोंदाजी कुंभार डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक हौसा मात्र तडक दरबारात गेली. मुजरा करून म्हणाली,

"कौलं करतो आम्ही, महाराज! लांबी तेवढी सांगा."

"माझी एक वीत!" राजे मिशीला पीळ देत म्हणाले.

"मग या काठीवर वीत टेकवा. मी खूण करते."

राजांनी वीत टेकवली, हौसानं खूण केली. "पुन्हा एकदा, महाराज. राजांचं माप, चुकायला नको!" असं करत करत तिनं दहा वेळा वीत घेतली आणि काठी प्रधानजींपुढे धरली. दहा खुणा, दहा जागी!

"हात तोच, राजे तेच," हौसा भोळेपणानं म्हणाली. "आता यातल्या कुठल्या वितीचं कौल करू?"

प्रधानजींना एकाएकी खोकला आला. राजे आधी लाल झाले, मग ओशाळले.

"बरं बरं! सगळ्यांत आखूड खुणेपासून सगळ्यांत लांब खुणेपर्यंत काहीही चालेल. पण त्याबाहेर एक जरी गेलं, तर याद राख!"

"कबूल!"

घरी येऊन हौसानं आधी पन्नासच कौलं भाजायला लावली आणि एकेक काठीला लावून पाहिलं. आपसांत फरक थोडाच होता, पण सगळी आखूड खुणेकडे सरकलेली. दोन तर बाहेरच!

"आबा, तुमचा हात स्थिर आहे. साचाच तोकडा आहे!"

गोंदाजीनं साचा जवभर लांब केला. पुन्हा पन्नास भाजली. आता सगळी मधोमध, दोन्हीकडे मोकळी जागा! मग तीच माती, तोच साचा, तीच आच ठेवून हजार कौलं निघाली.

राजांनी ढिगातून स्वतः शंभर उपसली. वरची, मधली, अगदी तळातलीसुद्धा. एकही खुणांबाहेर नाही!

"हजारच्या हजार काठीला लावून मोजलीस वाटतं?"

"छे, महाराज! हजारातलं एकही नाही. आधी दोनदा भाजलेली पन्नास-पन्नास तेवढी मोजली."

"काय? मग या हजारांची खात्री कशी गं दिलीस?"

"महाराज, आमचं गाढव रोज आपल्या वेशीतून जातं. दर खेपेला त्याचं माप कोण घेतं? वेस केवढी आणि गाढव चालताना किती डुलतं, एवढं ठाऊक असलं म्हणजे झालं!"

राजे इतके हसले, की मुकुट कानावर कलंडला. त्यांनी गळ्यातली कंठी हौसाच्या हातात ठेवली आणि तळ्याकाठची मातीची खाण कुंभारवाड्याला कायमची देऊन टाकली.