पाचोळ्याखालचे काटे

माणसाने जंगलात सीमा आखल्या, त्याच्या फार पूर्वी एका टेकडीवर साळिंदर राहत असे. लांडग्याच्या भीतीने त्याने अंगावरून गळलेले काटे आपल्या हद्दीभर उभे पुरले होते, वर पाचोळा पसरला होता आणि स्वतःला जागा कळावी म्हणून प्रत्येक काट्याशेजारी आपला वास सोडला होता.

त्यांतल्या एका काट्याने सशाचा पाय कायमचा गेला, तेव्हा पाणवठ्यावर सभा भरली. वृद्ध घोरपड म्हणाली, "अंगावरचे काटे तुझे तुलाच राहोत. पण पुरलेल्या काट्याला लांडगा कोण आणि ससा कोण, हे कळत नाही. तेवढे काढ."

"माझ्या हद्दीत मी काय पुरावं, ते पाणवठा ठरवणार?" साळिंदर फिस्कारले. "उद्या माझ्या बिळात कुणी झोपायचं, तेही ठरवाल, आजी!"

सभा काही न ठरवताच पांगली. आपापली हद्द प्रत्येकालाच प्रिय होती.

पावसाळा सरला. एके सकाळी हरिणीचे पाडस चुकून त्या हद्दीत शिरले आणि पायात काटा घुसताच मधोमध कोसळून ओरडू लागले. हरिणी धावली, घोरपडही आली. साळिंदर आडवे आले. "थांब ताई! इथे दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही. मीच आणतो त्याला."

त्याने जमीन हुंगली. पावसाने वास धुऊन नेला होता. पुन्हा हुंगली. उचललेला पाय अधांतरीच राहिला.

"दादा, जा ना," हरिणी काकुळतीने म्हणाली.

पाडसाचा आवाज क्षीण होत होता.

"आजी, सगळ्यांना बोलाव," साळिंदर हळूच म्हणाले. "कडेपासून पाचोळा उचलायला हवा. हद्द माझीच आहे. पण पाऊल कुठे टाकावं, ते मलाही ठाऊक नाही."